जोएल आपटेकर दहात धरायचे की नाही

निवृत्त माणसाच्या हातात कॅमेरा देऊ नये, असं अजून कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. कायदे करणाऱ्यांना निवृत्त नातेवाईक नसावेत. जोएल आपटेकर विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांच्या लेकीने, नोगाने, इस्रायलमधल्या अश्दोदहून त्यांना एक भारीतला कॅमेरा पाठवला. त्यानंतर नवीन पनवेलमधल्या त्यांच्या सोसायटीतला एकही कावळा एकांतात बसू शकला नाही. आपटेकरांनी कावळे काढले, चंद्र काढला, पाण्याची टाकी तीन बाजूंनी काढली. चौथ्या बाजूला परेशभाईंच्या बाथरूमची खिडकी होती, म्हणून ती राहिली.

बायकोचे, म्हणजे तमारचेही त्यांनी भरपूर फोटो काढले. सगळ्यांत ती पाठमोरी आहे. "मी वळले की तुम्ही 'हलू नकोस' म्हणता आणि मग कुकर करपतो," असं तिचं म्हणणं होतं.

वरच्या मजल्यावरची ऋचा या विषयातली जाणकार. जाणकार म्हणजे तिचे फोटो अनोळखी लोकांना आवडतात. तिने आपटेकरांचे कावळे पाहिले, चंद्र पाहिला आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली, "काका, हे सगळेच काढतात हो. काहीतरी हाँटिंग करा. बाहेरच्या देशांत लोक बंद पडलेली मेंटल हॉस्पिटलं शोधून काढतात, आत शिरतात, फोटो काढतात. गंजलेल्या खाटा, उडालेला रंग, रिकामा कॉरिडॉर. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो."

आपटेकरांनी आयुष्यभर लोकांच्या पॉलिसी काढल्या होत्या, पण कुणाच्या अंगावर काटा काही आणला नव्हता. हप्त्याची आठवण करून दिली तेव्हाचा सोडून. त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. पळस्प्याच्या पुढे, शिरढोणच्या अलीकडे, हायवेपासून आत एका ट्रस्टचं 'मनोविश्राम' नावाचं मनोरुग्णालय होतं. विश्वस्तांची आपापसांत भांडणं लागली, पेशंट दुसरीकडे हलवले आणि इमारत तशीच राहिली. ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही तिकडे जात नव्हतं. कलेला आणखी काय लागतं?

"बरी झालेली माणसं तिथून बाहेर पडायची," तमार म्हणाली. "तुम्ही चांगले असताना आत निघालात. जा. पण शुक्रवार लक्षात ठेवा."

शुक्रवार विसरणं शक्यच नव्हतं. त्या शुक्रवारी आपटेकरांच्या आईला जाऊन वर्ष होत होतं आणि तिच्या नावाने कद्दीश म्हणायचा होता. ज्यूंमध्ये ही प्रार्थना मुलाने म्हणायची, पण एकट्याने म्हणून चालत नाही. दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. एके काळी पनवेलात दहा जण जमवणं म्हणजे पोरखेळ होता. आता निम्मे अश्दोदला, उरलेले बीरशेबाला. जे थोडेफार राहिले त्यांच्यातल्या काहींचे गुडघे गावातल्या सिनेगॉगपर्यंत जायला तयार नव्हते, म्हणून शुक्रवारची प्रार्थना इसाजीकाकांच्या हॉलमध्ये व्हायची. तिथे बरोब्बर दहा जण येत. अकरावा नव्हता. एखाद्याला सर्दी झाली तर बाकीचे नऊ जण त्याच्या घरी फोन करून काळजीने चौकशी करत, आणि ती काळजी त्याच्या नाकाची नसे. आपटेकरांना कचेरीत कुणी विचारलं नव्हतं, सोसायटीत कुणी विचारत नव्हतं. पण शुक्रवारी सूर्य कलला की नऊ माणसं त्यांची वाट बघत. आयुष्यात माणसाला एवढं पुरतं, आणि हे त्यांना मनातून ठाऊक होतं.

मोहिमेची बातमी फुटली आणि सोसायटी सल्ला द्यायला सरसावली. परेशभाई म्हणाले, बूट घाला, साप असतात. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, खिशात लिंबू ठेवा. कुणी म्हणालं, तिथल्या आरशात बघू नका. आरसा असेल तर तो इतक्या वर्षांत चोरीला गेला असेल, असं आपटेकरांनी सांगून पाहिलं, तर उत्तर आलं, "मग तर अजिबातच बघू नका." तमारचा भाऊ यायर याच इमारतीत राहायचा. त्याने सल्ल्याबरोबर आपला ट्रायपॉडही दिला. "भाऊजी, जर्मन आहे," तो म्हणाला. "मुलाला हात लावू देत नाही मी." आपटेकरांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

आपटेकर कायदा पाळणारे गृहस्थ. ऋचाच्या व्हिडिओतले लोक विनापरवाना घुसतात, हे त्यांना पटलं नाही. ते जुन्या पनवेलात ट्रस्टच्या ऑफिसात गेले. तिथे हितेश नावाचा क्लार्क पंख्याखाली बसून पंखा बंद असल्याची तक्रार फोनवर करत होता.

"बंद हॉस्पिटलचे फोटो काढायला परवानगी हवी होती," आपटेकर म्हणाले.

"कुठलं बंद हॉस्पिटल?"

"मनोविश्राम."

"ते बंद नाही."

"अहो, तिथे छपरातून झाड उगवलंय."

"असेल. कागदोपत्री चालू आहे." हितेशने आवाज खाली आणला. "काका, कोर्टात केस आहे. हॉस्पिटल बंद पडलं असं ज्या दिवशी लिहून देऊ, त्या दिवशी जमीन समोरच्या पार्टीला जाईल. तुम्हाला बंद हॉस्पिटलची परवानगी दिली तर आम्हीच कबूल केल्यासारखं होईल."

"मग चालू हॉस्पिटलचे फोटो काढतो."

"चालू हॉस्पिटलात फोटो कसे काढता येतील? पेशंटची प्रायव्हसी असते."

आपटेकरांनी आयुष्यभर स्वतः लोकांना अशी उत्तरं दिली होती. खुर्चीच्या या बाजूला बसून ती कशी लागतात, हे त्यांना प्रथमच कळलं. शेवटी हितेशला दया आली. "एक करता येईल. नातेवाइकांसाठी भेटीचा पास असतो. भेटणाऱ्याचं नाव जोएल आपटेकर. पेशंटचं नाव?"

"पेशंट नाहीतच ना तिथे."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही." हितेशने क्षणभर विचार केला आणि तिथेही जोएल आपटेकरच लिहिलं. "नातं?" तो स्वतःशीच म्हणाला आणि 'स्वतः' असं लिहून त्याने दणकून शिक्का मारला. आपटेकर शिक्का बघून खूश झाले. शिक्क्याच्या वर काय लिहिलंय हे न वाचता सही करू नका, असं त्यांनी हजारो लोकांना बजावलं होतं.

सोमवारी पहाटे, पुरतं उजाडलंही नव्हतं, तेव्हा ते एकटेच टॉर्च घेऊन निघाले, कारण कोवळा प्रकाश हवा असतो. वॉचमनने विचारलं, "एवढ्या अंधारात एकटेच कुठे?" आपटेकरांनी खरं ते सांगितलं. पळस्प्याच्या नाक्यावर रिक्षावाल्यालाही खरं तेच सांगितलं. त्याने आरसा वळवून आपटेकरांच्या तोंडावर आणला आणि 'मनोविश्राम' येईपर्यंत समोरच्या रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघितलं.

ऋचाच्या व्हिडिओत सगळे साहसी लोक काटेरी कुंपणाखालून आत शिरतात. आपटेकरही शिरले. पॅन्ट मागून चर्रकन फाटली. ते उठून माती झटकतात तोवर पंधरा-वीस पावलांवरच्या सताड उघड्या फाटकातून बकऱ्यांचा एक कळप आत आला. बकऱ्या थांबल्या, त्यांनी आपटेकरांकडे पाहिलं आणि पुढे गेल्या. हा अपमान त्यांनी कुणाला सांगितला नाही.

आत मात्र सगळं मनासारखं होतं. रंगाचे पापुद्रे होते, गंज होता, मोडलेल्या खिडकीतून तिरपा उजेड येत होता. आपटेकर सद्गदित झाले. ट्रायपॉड खांद्यावर घेऊन ते 'स्त्री विभाग' अशी पुसट पाटी असलेल्या लांबलचक वॉर्डात शिरले. खाटा होत्या. पण प्रत्येक खाटेवर बोंबील पहुडले होते. खाटांच्या वर बांबू आडवे टाकून त्यांवरही बोंबील लटकवले होते, आणि कोपऱ्यात सुकटीच्या गोणी. हाँटिंग काय असतं ते वासानेच कळत होतं.

"पाय दिऊ नका हां मासलीवर," आतून आवाज आला. दमयंती कोळीण खाटेवर उलटसुलट करून बोंबील तपासत होती. तिचं माहेर उरणला. तिकडून सुकी मासळी आणायची, पावसाआधी इथे साठवायची आणि पनवेलच्या बाजारात विकायची, असा तिचा उद्योग होता.

"इथे पेशंट असायचे ना?" आपटेकरांनी विचारलं.

"व्हते की. आता आमी हाव. वारा चांगला खेलतो हितं, दागतरांनी जागा बघूनच बांधलीय." तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं. "फोटो काराचाय? बोंबलांचा कारा. भिंतीचा कशाला? भिंतीला कोन इकत घेतो?"

आपटेकरांनी तिला ओसाडपणा, काळ आणि मानवी एकटेपणा यांबद्दल थोडक्यात सांगितलं. दमयंतीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि त्यांना चहा दिला. "घरान् कोनी हाय ना तुमच्या?" तिने हळूच विचारलं.

चहा घेताना आपटेकरांनी ट्रायपॉड बाजूच्या बांबूंना टेकवून ठेवला. मग ते वरचा मजला बघायला गेले. खाली आले तेव्हा बांबू नव्हते. जास्तीचे बांबू घेऊन टेम्पो उरणला परत गेला होता, आणि बांबूंच्या जुडीत जर्मन ट्रायपॉडही. दमयंतीने टेम्पोवाल्याला फोन लावला. फोन तिच्याच सुकटीच्या गोणीवर वाजला. टेम्पोवाला तो विसरून गेला होता.

उरणच्या दिशेने बघत आपटेकर इमारतीला फेऱ्या मारू लागले. यायरला काय सांगायचं, हा प्रश्न त्यांना उन्हापेक्षा जास्त चटके देत होता. इमारतीच्या मागे संस्थापक डॉक्टरांची आणि त्यांच्या पत्नीची अशा दोन समाध्या होत्या, आंब्याच्या सावलीत. ट्रायपॉड नाही तर नाही, निदान खालच्या कोनातून एक फोटो घ्यावा म्हणून आपटेकर दोन समाध्यांच्या मधोमध आडवे झाले. पहाटेचं उठणं, वरून सावली, खालून गार फरशी. फोटो राहिला, आणि आपटेकर घोरायला लागले.

त्यांना दमयंतीच्या नवऱ्याने, काळूरामने, आधी मोबाईलवर झोपेतला एक फोटो काढून मग उठवलं. काळूराम पूर्वी याच हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता. समोर फाटक्या पॅन्टीतला, केसांत पालापाचोळा अडकलेला माणूस बघून त्याला जुने दिवस आठवले.

"पास हाय माझ्याकडे," आपटेकर गडबडीत त्याच्याच बोलीत म्हणाले आणि पास पुढे केला.

काळूरामने तो दोनदा वाचला. "पेशंट तुमीच. भेटाया आलेले पन तुमीच."

"ते तसं तांत्रिक आहे. मी वेडा नाही."

"नाय ना. कोन बोलतं?" काळूराम मायेने म्हणाला. पेशंटशी वाद घालायचा नाही, हे तो नोकरीत शिकला होता. "मी फोटो काढायला आलोय." "हां, बरोबर हाय." "माझा ट्रायपॉड बोंबलांबरोबर उरणला गेला." "गेला आसंल. येईल तो." आपटेकर जितकं समजावून सांगत होते, तितका काळूराम जास्त प्रेमाने मान डोलवत होता. शेवटी त्याने पासवरचा पत्ता वाचला आणि आपल्या बाईकवर, आपल्या पोटाला हात घट्ट धरायला लावून, त्यांना थेट सोसायटीच्या फाटकात आणून सोडलं.

तिथे वॉचमन, परेशभाई आणि भाजी घेणाऱ्या चार बायका हजर होत्याच. "तुमचा हाय ना ह्यो मानूस?" काळूराम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "मेंटल हॉस्पिटलान् सापरला. समाधींच्या मंदी झोपलेला. पन सभाव चांगला हाय, तरास नाय दिला. सांभाला." जाण्याआधी त्याने तो फोटो ओळख पटवण्यासाठी परेशभाईंना पाठवला. परेशभाईंनी तो, कुणाला काळजी वाटू नये म्हणून, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळपर्यंत परेशभाईंच्या बायकोने तमारला खीर आणून दिली. तमारने खीर ठेवून घेतली आणि आपटेकरांकडे बघून म्हणाली, "वीस वर्षं शेजारी राहते, पहिल्यांदा काही दिलंय. बघा, कलेचा उपयोग होतो."

खिरीने भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी इसाजीकाका स्वतः आले, गुडघे सांभाळत, यायरचा हात धरून. इसाजीकाका म्हणजे शुक्रवारच्या प्रार्थनेचे प्रमुख. शास्त्राचं त्यांना पक्कं ज्ञान होतं आणि ते दुसऱ्यासाठी वापरायची हौसही होती.

"जोएल, मी तुला वेडा म्हणत नाही," ते बसताबसता म्हणाले. वाक्याची सुरुवात अशी झाली की पुढे काय येतं ते सगळ्यांना कळतं. "पण आपल्या शास्त्रात वेड्याला दहात धरत नाहीत. आणि वेडा कोण, तेही सांगितलंय. अंधारात एकटा भटकतो तो."

"वॉचमन म्हणाला," यायर म्हणाला.

"अंगावरचे कपडे फाडतो तो."

"कपडे फाडतात म्हणजे?" तमार उसळली. "लग्न झाल्यापासून ह्यांनी एक तरी पॅन्ट धड ठेवलीय का?" तिला नवऱ्याची बाजू घ्यायची होती. यायरने बहिणीकडे अतिशय दुःखाने पाहिलं.

"हातात दिलेलं हरवतो तो," इसाजीकाका म्हणाले.

"जर्मन होता," यायर म्हणाला.

"आणि थडग्यांमध्ये झोपतो तो." याला साक्षीदार लागला नाही. फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर होता.

"अहो काका, मी फोटो काढत होतो!"

"तुझ्या मनात काय होतं ते देवाला माहीत. मला चारही लक्षणं दिसतात. शंका असताना तुला दहावा धरला आणि चुकलं, तर सगळ्यांची प्रार्थना वाया जाईल. डॉक्टरचं पत्र आण, मग बघू."

"आणि शुक्रवारी आईचा कद्दीश?"

इसाजीकाकांनी चहाचा कप खाली ठेवला. "दहा झाले तर होईल," ते म्हणाले. दहा कसे होणार, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

त्या रात्री आपटेकर जेवले नाहीत. फाटलेल्या पॅन्टीचं, बकऱ्यांचं, काळूरामचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पण आई जाऊन वर्ष होतंय आणि आपण नऊ माणसांत उभं राहून गप्प बसायचं, याने त्यांना रडू आलं. तमारने विनोद केला नाही. ती नुसती शेजारी बसून राहिली.

पनवेलात मनोविकारतज्ज्ञ नाहीत असं नाही. पण पनवेलात ओळखीचे लोक आहेत. म्हणून आपटेकरांनी खारघरमधला, बेलपाड्याच्या बाजूचा दवाखाना निवडला आणि गुरुवारी दुपारी गॉगल लावून पोचले. वेटिंग रूममध्ये टोपी, मास्क आणि गळ्याभोवती मफलर घेतलेले एक म्हातारे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून बसले होते. भर उन्हाळ्यात मफलर बघून आपटेकरांना वाटलं, बिचारा, केस गंभीर दिसते.

"इसाजी!" रिसेप्शनवरच्या मुलीने हाक मारली. "इसाजी कोण आहे? झोपेच्या गोळ्यांचे?"

मफलर दचकला. आपटेकरांनी गॉगल काढला.

"गुडघ्यासाठी आलोय," इसाजीकाका म्हणाले.

"गुडघ्याचे डॉक्टर खालच्या मजल्यावर आहेत, काका."

इसाजीकाकांनी मास्क काढला. आतलं तोंड फार थकलेलं होतं. "काकू गेल्यापासून झोप लागत नाही रे," ते भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले. "दोन वाजता उठतो आणि खाली जाऊन फेऱ्या मारतो. एकटाच. परवा वॉचमनने विचारलं, कोणाकडे जायचंय. घराची किल्ली हातात होती, तीसुद्धा कुठेतरी पडली. कुणाला सांगायचं? मी लोकांना शास्त्र सांगतो." पुढे त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण ते एकदम थांबले. आपटेकरांच्या मनात उत्तर तयार होतं. चांगलं, टोकदार, दोन दिवस धार लावलेलं. त्यांनी ते गिळलं आणि काकांची टोपी, जी खाली पडली होती, उचलून दिली.

आपटेकरांचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी सगळी हकीकत मन लावून ऐकली, बोंबलांपाशी दोनदा हसले आणि म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. पुन्हा यायची गरज नाही."

"तेवढं लिहून द्या."

"आजार असेल तर लिहून देता येतं. काही नाही, हे कसं लिहून देणार? आमच्याकडे तसा फॉर्मच नाही." आपटेकरांना क्षणभर वाटलं, हा हितेशचा भाऊ असावा. ते रिकाम्या हाताने घरी आले.

शुक्रवारी सूर्य कलला. इसाजीकाकांच्या हॉलमध्ये आठ जण बसले होते, शिवाय काका. आपटेकर कोट घालून दारात उभे राहिले, आत यावं की नाही ते न कळून. तमार मागे जिन्यात होती.

"भाऊजी, पत्र आणलंत?" यायरने विचारलं. सगळ्यांनी माना वळवल्या.

"डॉक्टरांशी मी बोललो," इसाजीकाका म्हणाले.

"तुम्ही? कधी?"

"काल. समोरासमोर." त्यांनी यायरकडे अशा नजरेने पाहिलं की जर्मन ट्रायपॉडचाही विषय तिथल्या तिथे संपला. आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, असं म्हणून ते नेहमी दहा शब्दांचं एक वचन म्हणत आणि एकेका माणसापुढे एकेक शब्द ठेवत. त्यांनी बोट उचललं आणि पहिला शब्द दारातल्या आपटेकरांपुढे ठेवला. मग बाकीचे झाले. शेवटचा शब्द उरला तेव्हा बोट त्यांच्या स्वतःच्या छातीशी येऊन घुटमळलं. आपटेकरांनी मान हलवली, तेव्हा कुठे काकांनी तो शब्द उच्चारला.

आईचा कद्दीश म्हणताना आपटेकरांचा आवाज दोनदा अडकला. दोन्ही वेळा सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने इसाजीकाकांचं आमेन आलं.

सगळे निघाले तेव्हा काकांनी आपटेकरांना बाहीला धरून मागे ठेवलं. यायर जिना उतरून जाईपर्यंत ते थांबले.

"गुरुवारी तूही जाणार असशीलच," ते कुजबुजले. "वेगवेगळं कशाला? रिक्षा एकच करू."

डॉक्टरांनी पुन्हा यायची गरज नाही म्हणून स्पष्ट सांगितलं होतं.

"चालेल, काका," आपटेकर म्हणाले. "तुम्ही वरच थांबा. मी घ्यायला येतो."